न दिसणाऱ्या माशांचं काय?

माझा भाचा जानेवारीत मालदीवला जाऊन आला. सोबत बायको होती. दोघांनी मागच्या वर्षी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकून घेतलं होतं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. निघण्याआधी त्यानं मला मोबाइलवर एक यादी दाखवली. मांटा रे, व्हेल शार्क, टायगर शार्क, हॅमरहेड, कासव, ऑक्टोपस, मोरे ईल. प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन, दिसलं की टिक करायची. परत आल्यावर मी विचारलं, कशी झाली सहल? तर म्हणाला, "मामू, कासव दिसलं, ऑक्टोपस दिसला, छोटे शार्क तर किनाऱ्यावरच फिरत होते. पण मांटा नाही आणि व्हेल शार्कही नाही. अर्धे पैसे पाण्यात गेले."

मला हसू आलं, कारण पैसे पाण्यात घालायलाच तर तो गेला होता. पण हे वाक्य मी आधीही ऐकलंय. ताडोब्याहून परतणारी मंडळी हेच बोलतात. वाघ दिसला नाही म्हणजे जंगल फुकट. हरणं, रानगवे, मोहाची झाडं, पहाटेचा गारवा, सगळं बेहिशेबी.

त्याचं चुकलं काय तर महिना. मांटाला आपल्या वेळापत्रकाशी देणंघेणं नाही, तो अन्नामागे जातो आणि अन्न वाऱ्यामागे. नैऋत्य मान्सूनच्या दिवसांत, साधारण मे ते नोव्हेंबर, तिथले मांटा प्रवाळ कंकणांच्या पूर्वेच्या बाजूला जमतात. ईशान्येचा वारा सुरू झाला की पश्चिमेकडे सरकतात. बा अ‍ॅटोलमधलं हनिफारू हे नाव डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी असतं. फुटबॉलच्या मैदानाएवढं बंदिस्त पाणी, पण पावसाळ्यात भरती आणि प्रवाहाचा मेळ बसला की त्यात प्लवक अडकतं, म्हणजे डोळ्यांना धड न दिसणारे ते बारीक जीव. ते खायला कधी कधी शंभराहून अधिक मांटा येतात आणि तोंडं उघडी ठेवून गोल गोल फिरत राहतात. एकामागे एक, साखळीच होते. हा महिन्यांचा हिशोब न सांगता भाच्याला जानेवारीत तिथे पाठवणाऱ्या एजंटला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

मालदीव म्हणजे मधुचंद्राचे फोटो आणि पाण्यावरच्या लाकडी झोपड्या, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण हा कोकणासारखाच नारळ आणि माशांवर जगणारा मुलूख आहे. सकाळच्या न्याहारीला ट्यूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची कालवून केलेलं मासहुनी आणि त्याच्याबरोबर रोशी, म्हणजे आपली पोळीच. त्यांच्या धिवेही भाषेत माशाला 'मस' म्हणतात, कारण ती आपल्या मराठीच्याच भाषाकुळातली. आज जगभर वापरला जाणारा 'अ‍ॅटोल' हा शब्दही धिवेहीतूनच गेलेला. इब्न बतूता चौदाव्या शतकात तिथे काजी होता. बायकांच्या कपड्यांवरून त्यानं हुकूम काढले आणि ते कुणी फारसे ऐकले नाहीत, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. आमच्या सूनबाईंनी मात्र तिथल्या गावातल्या गेस्टहाउसवर राहून अंगभर पोहण्याचा पोशाख घालून डाइव्ह केले. बीचवर कुणी वळून पाहिलं नाही, हे तिच्या मते सहलीतलं सर्वांत मोठं सुख. तिच्या यादीत त्याला टिक होती.

मुस्लिम मुलूख, मच्छीमारांचा मुलूख. मग तिथे शार्क आणि मांटा इतके शिल्लक कसे राहिले? माझा खरा विषय इथून सुरू होतो.

शार्क तिथेही मारले जात होते. पंख परदेशी जायचे, लिव्हरचं तेल निघायचं, मांस खारवलं जायचं. आपल्याकडे मुशीचं सालन होतं त्यात नवल नाही, तसं तिथेही नव्हतं. मग पर्यटन आलं. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली उघडलं आणि पुढच्या वीस वर्षांत पाण्याखाली उतरणाऱ्यांची रीघ लागली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मत्स्य खात्याच्या संशोधकांनी एक हिशोब मांडला, तो पुढे जगभर गाजला. 'फिश हेड' या प्रसिद्ध डाइव्हच्या जागेवरचा एक जिवंत ग्रे रीफ शार्क पर्यटनातून वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलर मिळवून देतो, आणि तोच मारून विकला तर मच्छीमाराच्या हाती एकदाच ३२ डॉलर पडतात. असा आकडा समोर आल्यावर कुठलं सरकार गप्प बसेल? १९९५ मध्ये व्हेल शार्कला संरक्षण मिळालं. २००९ मध्ये हनिफारू संरक्षित झालं. २०१० मध्ये साऱ्या देशाच्या पाण्यात शार्कच्या मासेमारीवर बंदी आली. २०११ मध्ये बा अ‍ॅटोल युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत गेलं. हनिफारूत आता सिलिंडर लावून उतरायलाही मनाई आहे, कारण बुडबुड्यांनी आणि गर्दीनं मांटा बिथरत होते. फक्त वरून, स्नॉर्कल लावून, ठरावीक वेळ, परवान्यासह, गाइडबरोबर.

हे सगळं चांगलं झालं. मी त्याला नावं ठेवत नाही. मांटाची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, तेही वर्षभर पोटात वाढवून, आणि दोन पिल्लांमध्ये बरीच वर्षं जातात. असा जीव बाजारासाठी मारायला लागलो तर दहा-पंधरा वर्षांत कारभार आटोपतो. पाहणाऱ्यांच्या हौसेनं तो वाचला. शिवाय पाहणाऱ्यांचा आणखीही उपयोग झाला. प्रत्येक मांटाच्या पोटावर ठिपक्यांची वेगळी नक्षी असते, आपल्या बोटांच्या ठशासारखी. पर्यटकांनी काढलेल्या फोटोंवरून मालदीवमध्ये हजारो मांटांची वैयक्तिक नोंद झाली आहे. व्हेल शार्क कल्ल्यांमागच्या ठिपक्यांवरून ओळखतात, आणि त्यासाठी वापरलेली संगणकाची रीत मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातले तारे जुळवण्यासाठी तयार केलेली होती. माशाच्या पाठीवरचं आकाश वाचायला आकाशाचीच रीत कामी आली, ही गोष्ट मला फार आवडते.

तरीही मला या व्यवस्थेबद्दल एक शंका आहे, आणि ती बोलून दाखवायलाच मी बसलोय. हा जीव वाचला तो ३३,५०० हा आकडा ३२ पेक्षा मोठा होता म्हणून. उद्या आकडे उलटे झाले तर?

उद्या कशाला, ते झालेच आहेत. गल्पर शार्क नावाचा एक मासा आहे. काहीशे मीटर खोल, काळोख्या पाण्यात राहतो, मोठे हिरवे डोळे, दिसायला ओबडधोबड. त्याचं लिव्हर तेलानं भरलेलं असतं. त्यातून स्क्वालीन काढतात आणि ते सौंदर्यप्रसाधनांत जातं. १९८० च्या दशकात मालदीवमध्ये त्याची मासेमारी जोरात सुरू झाली आणि वीसेक वर्षांत जवळजवळ संपली, कारण मासाच संपत आला. मादीच्या पोटात पिल्लं दोनेक वर्षं वाढतात आणि मोजकीच होतात. २०१० च्या बंदीत इतर शार्कबरोबर हाही सुटला. मग २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं गल्परची मासेमारी पुन्हा सुरू करण्याचं जाहीर केलं. म्हणणं असं की मच्छीमारांना उत्पन्न हवंय, आणि नियम लावून, मोजून मापून करू. इतर शार्कवरची बंदी मात्र कायम.

गल्परच का? मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरच्या खाली जायला कायद्यानं मनाई आहे. गल्पर त्याच्या कितीतरी खाली. तो कुणाच्याही यादीत नाही. त्याच्या नावापुढे चौकोन नाही, टिक नाही, इन्स्टाग्रामवर फोटो नाही. त्याला वाचवण्यासाठी एकही रिसॉर्टवाला भांडणार नाही, कारण त्याच्यामुळे एकही खोली भरत नाही. पर्यटकाच्या डोळ्यांनी ज्याला वाचवलं तो वाचला, आणि ज्याच्यापर्यंत डोळा पोचत नाही त्याचा सौदा झाला.

मच्छीमारांची बाजू मी हलक्यात घेत नाही. मालदीवचा मच्छीमार ट्यूना पकडतो तो काठी आणि गळानं, एकेक मासा ओढून. जाळ्यानं समुद्र खरवडत नाही. शार्कबंदीनं ज्यांचा धंदा बुडाला ते छोट्या बेटांवरचे लोक होते, आणि जिवंत शार्कमुळे येणारे डॉलर मोठ्या वाट्यानं दुसऱ्याच कुणाच्या तिजोरीत गेले. आता शार्क वाढले, गळाला लागलेला ट्यूना वर येईपर्यंत शार्क अर्धा पळवतो, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. ज्यानं सोडलं त्याला मिळालं नाही, ज्याला मिळालं त्यानं काही सोडलं नाही. हा अन्याय दूर करायला हवा. पण त्याचा उतारा म्हणून समुद्रातला अत्यंत दुबळा, अत्यंत सावकाश वाढणारा मासा पुढे करणं हा दुसरा अन्याय झाला. ज्याला वकील नाही त्याच्यावर खटला, तसं हे.

कुणी म्हणेल, जंगलात वाघाला वाचवलं की त्याच्याखालचं सगळं वाचतं, तसंच समुद्रात होईल. जंगलाचं खरं आहे. वाघाला जागा लागते, त्या जागेत बाकीचे राहतात. समुद्रात ते अर्धंच लागू पडतं. मांटासाठी राखलेल्या खाडीत पाचशे मीटर खोलवरचा गल्पर येत नाही. आणि उथळ पाण्यातसुद्धा, ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा आहे ते यादीत नसतातच. पोपटमासा घ्या. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळ खरवडतो आणि पोटात दळून रेती बाहेर टाकतो. मालदीवच्या वक्कारू बेटाच्या खडकावर अभ्यासकांनी मोजलं तेव्हा नव्यानं तयार होणाऱ्या रेतीतला ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा पोपटमाशाचा निघाला. ज्या पांढऱ्या वाळूवर जोडपी फोटो काढतात ती बहुतांश या माशाची विष्ठा आहे, आणि समुद्रापासून जेमतेम मीटर-दीड मीटर वर असलेली ती बेटं त्याच वाळूवर उभी आहेत. समुद्रकाकडी घ्या. तळावर पडलेली, बोटभर ते हातभर लांबीची, कुणी चुकून उशी टाकली असावी अशी. ती वाळू गिळते, त्यातला कुजका कचरा पचवते आणि साफ वाळू मागे सोडते. १९८५ च्या सुमारास मालदीवमध्ये परदेशी बाजारासाठी ती गोळा करायला सुरुवात झाली आणि बघता बघता महागड्या जाती दिसेनाशा झाल्या. डायव्हर तिच्यावरून पोहत गेले, कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

न दिसणाऱ्याला किंवा न आवडणाऱ्याला वाचवता येतच नाही असंही नाही. आपल्या लक्षद्वीपमध्ये, म्हणजे मालदीवच्या उत्तरेला त्याच प्रवाळरांगेत आणि तशाच मुस्लिम वस्तीत, २०२० मध्ये खास समुद्रकाकडीसाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं. आपल्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. तिला पाहायला कुणी तिकीट काढत नाही, तरीही.

आता मुसलमान म्हणून मला जे वाटतं ते सांगतो. आपल्याकडे समुद्राच्या बाबतीत एक सैल समज आहे. दर्यातलं सगळं हलाल, मग विचार कशाचा? आम्ही कोकणातले शाफई तर याबाबत फारच मोकळे. खेकडा, कालवं, मुशी, पाकट, काही सोडत नाही. देशावरचे हनफी पाहुणे आले की खेकड्याच्या रश्श्यावरून जेवणाच्या दस्तरख्वानावरच फिकहचा तास सुरू होतो. शिवाय इहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार हराम होते, पण समुद्रातली तेव्हाही चालते, हे प्रत्येक हाजीला शिकवतात. यावरून कुणाला वाटेल की समुद्राला मर्यादाच नाही.

पण हलाल म्हणजे अमर्याद नव्हे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये ही शिकवण आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. नदीला काय कमी आहे? वुजूच्या पाण्यानं ती आटणार नाही. तरीही उधळणं ते उधळणंच, इस्राफ तो इस्राफच. ही शिकवण मला समुद्राला तंतोतंत लागू पडते असं वाटतं. ज्या काळात होडी लहान आणि गळ हाताचा होता, त्या काळात समुद्र न संपणारा वाटणं स्वाभाविक होतं. आज यंत्राच्या होड्यांनी वीस वर्षांत एका माशाचा निकाल लागतो. समुद्र बदलला नाही, आपला हात लांब झाला.

दुसरी गोष्ट हरमची. मक्का आणि मदीना यांच्या हरमच्या हद्दीत शिकार नाही, रानटी झाडाची फांदी तोडायची नाही. तिथलं कबुतर सुरक्षित आहे. का? ते सुंदर आहे म्हणून? त्याला पाहायला लोक येतात म्हणून? हाजी कबुतरं पाहायला जात नाही. मदीनेच्या हद्दीत एखाद्या खडकाआड राहणारा ससा, ज्याला कुणी कधी पाहिलं नाही, तोही तेवढाच सुरक्षित. त्याला दिसण्याची अट नाही, आणि किंमत सिद्ध करण्याचीही नाही. जुन्या अरबस्तानातली हिमा ही राखीव कुरणांची पद्धत इस्लामनं सुधारून चालू ठेवली. पूर्वी एखादा सरदार आपल्या उंटांसाठी कुरण अडवायचा, नंतर ती राखण सर्वांच्या भल्यासाठी असावी असा दंडक आला. हे सगळं आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून पडलेलं आहे, आणि आपण निसर्गरक्षणाचा विषय निघाला की ३३,५०० डॉलर विरुद्ध ३२ डॉलर या हिशोबावर थांबतो. शंभर टक्के मुस्लिम देशातही गल्परच्या बाजूनं उभं राहायला हाच विचार सर्वांत आधी पुढे यायला हवा होता, असं मला वाटतं. बाजारभावाचा युक्तिवाद मांटापुरता पुरला, तो खोल पाण्यात बुडतो.

पाहायला जाऊ नये असं मी म्हणत नाही. जावं, पण त्या हौसेलाही आवर हवा. मालदीवच्या दक्षिण आरी भागात व्हेल शार्क वर्षभर दिसतो, बहुतेक तरुण नर असतात. हा जगातला सर्वांत मोठा मासा पृष्ठभागाजवळ पोहतो. तो दिसला की चहूकडून होड्या धावतात, माणसं धपाधप उड्या मारतात. तिथल्या अनेक व्हेल शार्कच्या अंगावर होड्यांच्या पंख्यांचे व्रण आहेत. पाहण्याच्या पैशांनी ज्याला वाचवलं त्यालाच पाहण्याच्या घाईनं कापलं. आणि फुवामुला बेटाजवळ टायगर शार्क हमखास दिसावेत म्हणून त्यांना माशांची मुंडकी टाकतात. यादीतल्या चौकोनात टिक व्हावी म्हणून रानटी जनावराला दारावर बोलावायचं, यात पाहिल्याचं सुख किती आणि सर्कस किती?

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो ऐकत होता, अधूनमधून मोबाइल चाळत होता. पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा जायचं घाटतंय, तेव्हा हनिफारूला मांटा असतील. मी म्हटलं, जा, पण यादीत समुद्रकाकडीही लिही. "मामू, ती कोण बघतं!" म्हणून तो हसला. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. जानेवारीतलाच, कासवाचा. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, वाळूवर, काहीतरी काळपट, लांबट पडलं होतं. त्याभोवती त्यानं लाल रंगानं गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, "हीच ना?"